चिखलवाटांसाठी माउंटन बाइकची साधने कशी निवडावीत

माउंटन बाइकसाठी कोणतेही साधन घेताना, ते चिखलात वापरायचे असेल, तर मी एकच प्रश्न आधी विचारतो: यावर चिखल बसला, तर तो बाहेर पडायला वाट आहे का? सुरुवातीच्या काळात मी रस्त्यावरच्या सायकलींना असतात तशी, चाकाला लगटून जाणारी लांब मडगार्ड बसवली होती. चिकणमातीच्या वाटेवर अर्धा किलोमीटर जाण्याच्या आत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा गच्च भरली, मागचे चाक फिरेनासे झाले आणि काडीने चिखल उकरत, सायकल ढकलत परत यावे लागले. कोरड्या दुकानात जे साधन सर्वांत जास्त अंग झाकणारे वाटते, तेच चिखलात सर्वांत आधी अडवू शकते.

म्हणून खरेदीच्या आधी मोजमाप करावे. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या सर्वांत अरुंद जागेतून, म्हणजे बहुधा मागच्या चाकाजवळ बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) मागच्या बाजूला, ती मोकळेपणाने सरकली पाहिजे. माती चिकट असेल, तर दोन पेन्सिलींइतकी जागा असलेली बरी. तेवढी जागा नसेल, तर मडगार्डचा विचार नंतर करावा आणि आधी थोडा अरुंद टायर घ्यावा. चिखलासाठी बनवलेल्या टायरवरचे उंचवटे उंच आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे त्यांच्यामधली माती चाक फिरताना उडून जाते, आणि अरुंद टायर वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो. मात्र हेच उंच उंचवटे कडक खडकावर वाकतात आणि ओल्या मुळांवर घसरतात, हे लक्षात ठेवून आपल्या वाटेवर चिखल किती आणि दगड किती, याचा अंदाज आधी घ्यावा.

पुढचे मडगार्ड सर्वांत उपयोगी, आणि तेही लहान, लवचीक, फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) कमानीला खालून बांधायचे. वेगात असताना पुढच्या टायरच्या माथ्यावरून चिखल पुढे फेकला जातो आणि पुढच्याच क्षणी आपण त्यात शिरतो. डोळ्यांत जाणारा चिखल बहुतेक वेळा असा येतो. मडगार्डचा पुढे आलेला भाग तो अडवतो, तर मागचा भाग फोर्कच्या सीलवर (धूळ-पाणी आत जाऊ न देणाऱ्या कड्यांवर) उडणारी वाळू थोपवतो. काही फोर्कना स्क्रूने बसवण्याची छिद्रे असतात. ती असतील, तर त्याच फोर्कसाठी बनवलेले मडगार्ड घ्यावे, कारण ते हलत नाही. केबल टायने बांधायचे असेल, तर आधी फोर्कवर, जिथे जिथे प्लॅस्टिक टेकणार आहे तिथे, पारदर्शक संरक्षक टेप लावावी. प्लॅस्टिकखाली वाळूचे कण अडकले, की ते प्रत्येक हादऱ्याबरोबर रंगावर घासत राहतात, आणि त्यामुळे उठलेले पट्टे नंतर पुसून जात नाहीत. टायची टोके पक्कडीने अगदी मुळाशी कापावीत. तिरकी राहिलेली टोके पुसताना बोटे ओरबाडतात.

बसवून झाल्यावर एक तपासणी कधीही टाळू नये. एअर फोर्क, म्हणजे हवेच्या दाबावर हादरे झेलणारा फोर्क असेल, तर त्यातली हवा सोडून तो शेवटपर्यंत दाबावा आणि त्या स्थितीत टायर मडगार्डला किंवा टायच्या गाठीला लागत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. नंतर हवा आधीइतकीच भरावी, म्हणून सुरुवातीचा दाब लिहून ठेवावा.

मागच्या मडगार्डबाबत मी थोडा साशंक असतो. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला लावायचे मडगार्ड पाठ कोरडी ठेवते, पण मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीत चाक वर उचलले जाते, आणि ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करता येणारा दांडा) खाली केली असेल, तर ते चाक थेट मडगार्डवर आदळू शकते. सायकल अशी असेल, तर फ्रेमला बांधायचे छोटे मडगार्ड पुरेसे आहे. ते मागच्या शॉकला, म्हणजे हादरे शोषणाऱ्या भागाला झाकते, आणि तिथल्या सीलला पाठीपेक्षा जास्त जपण्याची गरज असते.

ब्रेक पॅड विकत घेताना लोक क्वचितच चिखलाचा विचार करतात, आणि मला हे फार खटकते, कारण पाणी आणि वाळू यांचे मिश्रण मऊ रेझिन पॅड भराभर झिजवते. भुकटीतून दाबून बनवलेले धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड ओल्यात बरेच जास्त टिकतात. त्यांचा आवाज अधिक होतो आणि ते उष्णताही जास्त पुढे देतात. घेण्यापूर्वी डिस्कवर कोरलेली अक्षरे वाचावीत. काही डिस्क फक्त रेझिन पॅडसाठी असतात आणि तसे त्यांवर लिहिलेले असते. नवे पॅड बसवल्यावर सपाट जागी मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक लावून ते बसू द्यावेत. दूरच्या वाटेवर जाताना एक जोडी सोबत ठेवावी.

चेनसाठी ओल्या हवामानाचे, दाटसर तेल घ्यावे, कारण कोरड्या हवामानाचे पातळ तेल डबक्यातून गेल्याबरोबर धुऊन जाते. मात्र हे दाट तेल वाळू ओढून घेते, म्हणून लावण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. एका हाताने पेडल मागे फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा, काही मिनिटे थांबावे आणि मग जुन्या सुती कापडाच्या चिमटीतून चेन फिरवून बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. बोटाला चेन तेलकट लागता कामा नये. तेल हवे ते आत, पिनेभोवती. फवाऱ्याच्या डब्यातले तेल डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीवर वापरू नये, त्याचा एक शिंतोडा डिस्कवर पडला, तरी पॅड बाद होऊ शकतात. चेनची झीज मोजण्याची पट्टीही घ्यावी. चिखलात चालणारी चेन लवकर ताणते, आणि वेळेवर बदलली नाही, तर मागचे गिअरचे दातेही सोबत नेते.

पेडलबाबत थोडक्यात सांगायचे, तर पिना असलेली सपाट पेडल आणि मोकळी नक्षी असलेला बुटांचा मऊ तळ हे चिखलातले सोपे उत्तर आहे. बूट अडकवण्याची पेडल हवी असतील, तर ज्यांच्यातून माती आरपार पडते अशी उघडी रचना निवडावी.

पिशवी सीटखाली लावू नये, ती मागच्या चाकाच्या थेट माऱ्यात येते आणि वाळूने तिची झिप अडकते. हत्यारे फ्रेमच्या त्रिकोणातल्या पिशवीत, झिपऐवजी गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाच्या आवरणात ठेवावीत. पाण्याची बाटली झाकणाची घ्यावी; वाटेवरच्या चिखलात जनावरांचे शेणही असते आणि ते उघड्या तोंडावर उडते. चष्म्याची काच रंगहीन असावी, कारण ढगाळ झाडीत गडद काचेतून निसरडी मुळे दिसत नाहीत.

शेवटचे साधन घरी लागते: बागेत फवारणीसाठी वापरतात तो हाताने हवा भरायचा पंप, मऊ ब्रश आणि बादली. दाबाच्या यंत्राची धार हब (चाकाचा मध्य), हेडसेट (हँडल फिरते तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेटवर धरू नये, कारण ते पाणी सीलच्या आत शिरून बेअरिंगमधले ग्रीस बाहेर काढते. चिखल ओला असतानाच धुवावा. त्यानंतर मडगार्डचे टाय एकदा हाताने ओढून पाहावेत, कारण पहिल्या चिखलवाटेनंतर ते बहुधा एखादा दाता सैल झालेले असतात.