कंट्रोलवर अंगठा लावताना: धान्य कुठे गळतं आणि ते कसं पकडायचं

राशन कार्ड पेटीत कुलूपबंद ठेवलं म्हणून धान्य सुरक्षित राहत नाही. आता कंट्रोलवर, म्हणजे राशन दुकानात, उचल होते ती 12 अंकी आरसी नंबर (राशन कार्डाचा नंबर) आणि कार्डावरच्या कोणत्याही एका माणसाच्या अंगठ्यावर. अंगठा लागल्यापासून पावती हातात येईपर्यंतची दोन मिनिटं, खरी गळती तिथेच होते.

आधी आपला हक्क किती ते पक्कं करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे चार नावांच्या कार्डावर 20 किलो. अंत्योदयला घरामागे 35 किलो, मग घरात दोघं असोत की आठ. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. गहू किती आणि तांदूळ किती हे बदलत राहतं, बेरीज बदलत नाही. कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम वाटतात, तेव्हा बेरीजही त्याच पटीत हवी. "हमाली", "गाडीभाडं" म्हणून दहा-वीस रुपये मागितले तर पावतीवर लिहून मागा. मागणी बहुतेक तिथेच विरते.

आता अंगठ्याकडे. ठरलेली युक्ती अशी: अंगठा लागतो, दुकानदार म्हणतो "लिंक गेली, उद्या या", आणि उचल मात्र आजच नोंदली जाते. म्हणून पॉस मशीनचा (दुकानातलं अंगठा घेणारं मशीन) पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. ठसा खरंच जुळला नसेल तर 300 हा एरर दिसतो. 330 दिसला तर आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या-डोळ्यांच्या ठशांची ओळख, लॉक आहे. एररही नाही आणि पावतीही नाही, तर जागचे हलू नका. पावती निघाली की तिच्यावरचे किलो आणि काट्यावरचे किलो जुळवा. काटा आधी शून्यावर हवा. पिशवी किंवा डबा ठेवून पुन्हा शून्य केल्यावरच धान्य ओतायला लावा. "पावतीचा रोल संपला" हे कारण महिनोनमहिने चालणारं आहे. अशा वेळी पडद्याचा फोटो काढा.

विड्या वळणारे, सिमेंटमध्ये काम करणारे, म्हातारी माणसं यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि त्यांनाच सगळ्यात जास्त वेळा "थम येत नाही" सांगून परत पाठवतात. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, वेगळं बोट लावून पाहा. तरीही जमलं नाही तर कार्डावरच्या दुसऱ्या कुणालाही पाठवता येतं. डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपी हेही मार्ग आहेत. ओटीपीचं एक लक्षात ठेवा: कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर दुकानदाराचा किंवा जुन्या भाडेकरूचा निघाला, तर तुमच्या धान्याचे मेसेज दुसऱ्याच्या खिशात वाजतात. नंबर कुणाचा आहे ते आजच विचारून घ्या.

महिन्यातून एकदा महा ई-पॉसच्या संकेतस्थळावर "आरसी डिटेल्स" उघडा. महिना, वर्ष आणि आरसी नंबर टाकला की कार्डावरच्या माणसांची नावं आणि झालेली उचल दिसते. तीन गोष्टी बघायच्या: तुम्ही गेलाच नाहीत त्या तारखेची उचल, पावतीपेक्षा जास्त किलो आणि ओळखीचं नसलेलं नाव. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, तक्रारीत तोच चालतो.

ज्या अंगठ्यावर राशन मिळतं, त्याच अंगठ्यावर बँक खात्यातून पैसेही निघतात. म्हणून वस्तीत टेबल मांडून "योजनेचं सर्वेक्षण" करणाऱ्यांच्या मशीनवर बोट ठेवू नका. एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि रांगेत पुढे दोघं उरले की तात्पुरतं उघडा. ते 10 मिनिटांसाठीच उघडतं. रांगेच्या शेवटी उघडलंत तर नंबर येईपर्यंत बंद होऊन 330 येणार. माय-आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे-कुठे वापरलं गेलं त्याची यादी मिळते, तीही चाळा.

केवायसीचे फोन हा वेगळाच धंदा. "आज केवायसी नाही केली तर कार्ड बंद" असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) येते. ती टाकली की फोनमधले ओटीपी समोरचा वाचतो. राशनची ई-केवायसी दुकानात पॉसवर फुकट होते, किंवा सरकारी "मेरा ई-केवायसी" अ‍ॅपवर चेहरा दाखवून. तिला फाइलही लागत नाही आणि फीही नाही. फाइल चुकून टाकली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे, झोपून उठून करतो म्हणू नका.

राशन कार्डाची पुस्तिका सावकाराकडे गहाण किंवा दुकानदाराकडे "सोयीसाठी" ठेवू नका. हरवली तर पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रत मागा.

तक्रारीसाठी 1967 किंवा 1800-22-4950. फोनवर भागलं नाही तर लेखी द्या: नागपूर शहरात आपल्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात, कामठी, हिंगणा, उमरेडकडे तहसीलच्या पुरवठा शाखेत. अर्जात आरसी नंबर, दुकान क्रमांक, तारीख, नोंदलेले किलो आणि मिळालेले किलो एवढंच लिहा; दुकानदार कसा माणूस आहे ते लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. तिथे हललं नाही तर सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे अपील.

निकाल लागेपर्यंत त्याच दुकानात जायची सक्ती नाही. आरसी नंबर आणि अंगठा दुसऱ्या कोणत्याही कंट्रोलवर चालतो. यवतमाळ, भंडारा किंवा थेट शिवनी-छिंदवाड्याहून नागपुरात कामाला आलेल्यांनाही केंद्राचं धान्य इथे असंच मिळतं. अर्ज लागत नाही. फक्त महिन्याच्या सुरुवातीला जा. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानाचा साठा संपलेला असू शकतो.