व्हीरॅम भरलेली दिसली? या चुका टाळा

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूवर (ग्राफिक्सची चिप) क्लिक केलं आणि ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ७.३ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची मेमरी, भरलेली दिसली, की बहुतेकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. मग उलथापालथ सुरू होते. ड्रायव्हर काढून परत टाका, रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) हात घाला, मेमरी साफ करणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर उतरवा. यातल्या बहुतेक उपायांचा मूळ दुखण्याशी संबंध नसतो, आणि कित्येकदा दुखणंच नसतं.

मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे

गेम असो की थ्रीडी सॉफ्टवेअर, व्हीरॅम मोकळी दिसली की ते जास्तीची जागा अडवून ठेवतात. पुढे लागू शकतील अशी टेक्स्चर (भिंती, जमीन, वस्तूंवर चढवायची चित्रं) आधीच भरून ठेवली की ऐन वेळी डिस्ककडे धावावं लागत नाही. म्हणून तोच गेम त्याच सेटिंगवर १६ जीबीच्या कार्डावर जास्त मेमरी खाताना दिसतो. टास्क मॅनेजरमधला आकडा अडवलेल्या जागेचा असतो. त्यातली खरोखर किती लागते, हे त्यावरून कळत नाही.

खरी अडचण ओळखायची तर ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ हे दोन आकडे वेगळे वाचा. डेडिकेटेड म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे तुमची साधी रॅम. विंडोज साधारण अर्धी रॅम ग्राफिक्सला वापरू देते, म्हणून १६ जीबी रॅमच्या मशीनवर शेअर्डसमोर ८ च्या आसपासचा आकडा दिसतो. दोन्हींची बेरीज करून ‘माझ्याकडे १६ जीबीचं ग्राफिक्स आहे’ असं समजणारे कमी नाहीत. पण दोन्हींच्या वेगात जमीनअस्मानाचा फरक आहे. आरटीएक्स ४०६० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी. तेच कार्ड साध्या रॅमपर्यंत जातं ते मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस ४.० या मार्गाच्या ८ लेनमधून, म्हणजे एका दिशेला सेकंदाला जेमतेम १६ जीबी.

हे पडद्यावर कसं दिसतं? फ्रेम काउंटर ६० दाखवतोय, पण कोपऱ्यावर वळलात की चित्र क्षणभर अडकतं. समोरची भिंत आधी चिखल फासल्यासारखी दिसते आणि मग हळूच स्पष्ट होते. डेडिकेटेड छताला टेकलेली, शेअर्ड चढत चाललेली आणि असे झटके, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर व्हीरॅम कमी पडतेय असं समजा. शेअर्डमध्ये काहीशे एमबी कायमच दिसतात, त्याकडे लक्ष देऊ नका. आणि झटके नाहीत, पण फ्रेम रेट सतत कमी आहे, तर दोष बहुधा मेमरीचा नाही. जीपीयूची किंवा प्रोसेसरची ताकदच अपुरी आहे.

चुकीचं सेटिंग खाली ओढणं

अडखळायला लागलं की पहिला बळी रिझोल्यूशनचा जातो. जरा हिशेब करा. ४के चित्राची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, सुमारे ३३ एमबी. १०८०पी ला हेच ८ एमबी. गेम फ्रेमएवढे असे बरेच बफर (मेमरीतले कप्पे) ठेवतो, त्यामुळे रिझोल्यूशनचा फरक पडतो हे खरं. पण ४०९६ गुणिले ४०९६ चं एकच टेक्स्चर कॉम्प्रेस केल्यावरही १६ एमबी घेतं, वर मिपमॅपसाठी (लांबून दाखवायच्या त्याच्याच लहान प्रती) आणखी एक तृतीयांश. एका दृश्यात अशी शेकडो असतात. टेक्स्चरची बाजू निम्मी केली की मेमरी पावपट होते. म्हणून आधी टेक्स्चर क्वालिटी एक पायरी उतरवा. ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ मधला फरक खेळताना फारसा जाणवत नाही, असं माझं मत. बरेच गेम हा बदल रीस्टार्ट केल्याशिवाय पूर्ण लागू करत नाहीत, तेव्हा बंद करून पुन्हा उघडा आणि मगच आकडा बघा.

त्यानंतर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं रंगवणं. त्याला दृश्याच्या भूमितीची एक वेगळी रचना मेमरीत ठेवावी लागते, तिचा भार मोठा असतो. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र रंगवून ते मोठं करणारी तंत्रं) लावलं की आतलं रिझोल्यूशन घटतं, त्यामुळे थोडी मेमरी सुटते. फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये जादा फ्रेम तयार करून घालणं) मात्र वेगळं प्रकरण आहे. ते स्वतःच जादा व्हीरॅम मागतं. आधीच भरलेल्या कार्डावर ते चालू करणं म्हणजे आगीत तेल.

दोष गेमला, खातंय दुसरंच कोणी

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये रकान्याच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ मधून डेडिकेटेड जीपीयू मेमरी निवडा आणि त्या रकान्यावर क्रम लावा. वरच्या दोनचार ओळी वाचल्यावर बऱ्याचदा उलगडा होतो. ब्राउझर, हलणारा वॉलपेपर, गेम लाँचर (यांच्या पोटात ब्राउझरच असतो), ओव्हरले, स्क्रीन रेकॉर्डर, सगळे थोडंथोडं घेत असतात. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट+एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो.

इथे लोक थेट ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (काम जीपीयूकडून करून घेण्याचं सेटिंग) बंद करतात. मेमरी सुटते, पण व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरवर पडतं आणि पंखे ओरडायला लागतात. त्यापेक्षा टॅब मिटा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल आणि बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) ते चालू असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या. तो अंगभूत चिपवर जातो.

यादीत डीडब्ल्यूएम (विंडोजचाच डेस्कटॉप विंडो मॅनेजर) दिसला तर तो मारू नका. सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडण्याचं काम त्याचंच. मॉनिटर जितके जास्त आणि मोठे, तितकी त्याची मेमरी वाढते. पण काही न करता आकडा दिवसेंदिवस चढतच राहिला, तर गळतीचा, म्हणजे एखादा प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत सोडत नसल्याचा, संशय घ्या. एकेक प्रोग्रॅम बंद करून आकडा खाली येतो का बघा. कोणताच सापडला नाही, तर हातातलं काम सेव्ह करून विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चालू गेम मात्र कोसळू शकतो.

जादूचे उपाय

रजिस्ट्रीत ‘डेडिकेटेड सेगमेंट साइझ’ लिहून व्हीरॅम वाढत नाही. फार तर एखाद्या गेमच्या सुरुवातीच्या तपासणीला आकडा मोठा दिसतो. रॅम क्लीनरचा व्हीरॅमशी संबंध नाही. पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती जागा) बंद करणं तर उलटं अंगाशी येतं, कारण ग्राफिक्सची मागणीही विंडोजच्या एकूण मेमरीच्या हिशेबात धरली जाते. अंगभूत ग्राफिक्सला बायोसमधून २ किंवा ४ जीबी राखून दिली, तर तेवढी रॅम बाकीच्या कामातून कायमची वजा होते. गरजेनुसार जास्तीची मेमरी ड्रायव्हर स्वतःच घेतो. तिथे रॅमच्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वापरल्या जातील अशा) लावण्याचा फायदा जास्त.

संदेशावर आंधळा विश्वास

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश आला आणि डेडिकेटेड अर्धी रिकामी आहे? मग कार्डाकडे बोट दाखवू नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर अनरियल इंजिनचे गेम नेमका हाच संदेश देऊन कोसळत होते, आणि मूळ कारण प्रोसेसरची अस्थिरता हे होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली सूचनावली) दिला, तो बायोस अपडेटमधून येतो. आधीच खराब झालेली चिप त्याने दुरुस्त होत नाही. ती वॉरंटीत बदलून घ्यावी लागते, आणि इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आहे.

एआय मॉडेल आणि रेंडरिंग

इथे मात्र मेमरी खरोखरच लागते. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये फक्त वजनांसाठी (मॉडेलचे शिकलेले आकडे, म्हणजे हेच पॅरामीटर) १४ जीबी घेतं. ४ बिटमध्ये साडेतीन-चार जीबी, आणि संभाषण लांबेल तशी त्यावर भर. मॉडेल मावत नसूनही चालतंय, पण कासवाच्या गतीने, असं एनव्हिडियाच्या कार्डावर झालं तर ड्रायव्हरच ते साध्या रॅममध्ये सांडतोय. ५४६.०१ आवृत्तीपासून कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कुडा सिसमेम फॉलबॅक पॉलिसी’ हा पर्याय आहे, व्हीरॅम संपल्यावर साध्या रॅमकडे वळायचं की नाही हे तो ठरवतो. तिथे फॉलबॅक नको असं निवडलं की प्रोग्रॅम रांगण्याऐवजी सरळ एरर देतो, आणि मॉडेल लहान करायला हवं हे लगेच कळतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावण्याआधी व्ह्यूपोर्ट (काम करतानाचं दृश्य) साध्या सॉलिड मोडवर आणा, नाहीतर तेच दृश्य दोनदा मेमरीत बसतं. सिम्प्लिफाय पॅनेलमधली टेक्स्चर लिमिटही बघून ठेवा.

एवढं करूनही मध्यम टेक्स्चरवर शेअर्ड चढत असेल, तर कार्ड लहान आहे. कार्डावरच्या चिप पक्क्या जोडलेल्या असतात, नंतर मेमरी वाढवता येत नाही. जुनं कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये ठेवलं म्हणून गेमसाठी दोघांची मेमरी एकत्र होत नाही. दुसरा मॉनिटर मात्र त्याला जोडता येतो.