वेर्ण्याला रुजू होताय? शिफ्ट बदलताना कान उघडे ठेवा

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांत सत्तरी, डिचोली, पेडण्यापासून पार सावंतवाडी-दोडामार्गपर्यंतची मुलं-मुली रुजू होतात. मुलाखतीत प्रत्येकाला विचारतात, ‘टीममध्ये काम करायला जमेल ना?’ पण ती टीम कशी आहे, हे आपण कोणाला विचारायचं? माझं मत, पहिल्याच आठवड्यात शिफ्ट बदलताना बाजूला उभं राहून ऐका.

चांगल्या शिफ्टमधला माणूस जाताना सांगतो, ‘गोळ्यांचं वजन वरच्या मर्यादेकडे सरकतंय, नजर ठेव.’ दुसरीकडे ‘सगळं ओके’ म्हणतात आणि कंपनीची बस पकडायला धावतात. ठरल्या पद्धतीपासून जरा ढळलं की आपल्याकडे डेव्हिएशन लिहावं लागतं. ज्या शिफ्टची डेव्हिएशन कमी ती भारी, असं नवख्यांना वाटतं. पण अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या विभागांतच जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या. तिथले लोक वेंधळे होते म्हणून नव्हे, तर चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हते म्हणून.

सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखायच्या आणि त्या ध्यानात घेऊन विचार, वर्तन ठरवायचं. एचआरच्या कार्यशाळेत यावर तासभर स्लाइड दाखवतात. खरी परीक्षा मात्र मशीन बंद पडल्यावर होते. इनचार्जचा पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असा येतो, की ‘बॅच थांबवली का?’ असा? ‘कोणी केलं?’ ऐकलेला ऑपरेटर पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

तुमच्या हातून काही बिघडलं, तर काय झालं, कधी लक्षात आलं आणि काय थांबवलंय, एवढंच आधी सांगा. तेही थेट इनचार्जला. व्हॉट्सॅप ग्रुपवर नको, तिथे नुसता तमाशा होतो. बॅच रेकॉर्ड, म्हणजे त्या बॅचच्या कामाची लेखी नोंद, त्याच वेळी भरा. घरी जायच्या घाईत आठवून लिहिलेलं नंतर आपल्याच अंगाशी येतं.

रजेचा तक्ताही बघाच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, निम्म्या गोव्याला घरी जायचं असतं. समजूतदार टीममध्ये तेव्हा ख्रिस्ती सहकारी शिफ्ट सांभाळतात आणि नाताळात आपण. हे महिनाभर आधी, सगळ्यांसमोर ठरतं. जिथे दर सणाला नवख्यांनाच अडकवतात, तिथे पगार बरा असला तरी माणसं टिकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून केली. न आवरलेला, सततचा कामाचा ताण हे त्याचं मूळ. म्हणून नाइट शिफ्टने पिचलेल्याला कोणी नुसता प्राणायाम सुचवला, तर प्राणायाम करा, पण शिफ्टची पाळी बदलून देण्याचा अर्जही द्या. मन फारच खचलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत लागतो.