ट्रस्टी आणि कॉलेज-प्रेसिडेंट यांची जुनी पत्रं वाचताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजांचा इतिहास धुंडाळू लागलं की कॉलेजचा प्रेसिडेंट आणि एखादा ट्रस्टी यांच्यातल्या पत्रांचा गठ्ठा हमखास समोर येतो. यातली बरीच पत्रं आता स्कॅन झालेली असल्यामुळे आपल्याकडचे संशोधक विद्यार्थीही ती घरबसल्या वाचतात, आणि घसरायचे ते ठरावीक जागीच घसरतात. पत्र कोणी कोणाला लिहिलं एवढं पाहून ते पुढे सरकतात. ते आणखी कोणाच्या हाती पडणार होतं, हे विचारायचं राहून जातं.

पुण्याचा चष्मा लावून वाचणं

आपल्या डोळ्यांसमोर डेक्कन एज्युकेशन सोसायटी असते. तिथे आजीव सभासद असलेले शिक्षकच कारभार पाहायचे. टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला तो बरोबरीच्या सहकाऱ्यांशी पटेना म्हणून. अमेरिकेतला मामला वेगळा होता. तिथले ट्रस्टी बहुतेक बाहेरचे असत, म्हणजे व्यापारी, वकील, पाद्री. प्रेसिडेंटला नेमायचे तेच आणि काढायचेही तेच. त्यामुळे प्रेसिडेंटच्या पत्रातला गोड सूर पाहून दोघांची गाढ मैत्री होती असं लिहून टाकू नका. ‘आपला आज्ञाधारक सेवक’ हा तर निव्वळ रिवाज होता. भांडणाच्या पत्राखालीही तो सापडतो.

‘खाजगी’ म्हणजे खाजगीच, असं धरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. व्हासार कॉलेजचंच उदाहरण घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचे बिअर-उत्पादक मॅथ्यू व्हासार यांना आपला पैसा आधी इस्पितळावर खर्च करायचा होता. मुलींची शाळा चालवणारे मायलो ज्युएट यांनी त्यांचं मन मुलींच्या कॉलेजकडे वळवलं. १८६१ मध्ये सनद मिळाली. व्हासार यांनी ४ लाख ८ हजार डॉलर्सचे कागद एका पत्र्याच्या पेटीतून ट्रस्टींच्या सुपूर्द केले आणि ज्युएट पहिले प्रेसिडेंट झाले. दोघंही ट्रस्टी मंडळावर होते.

पुढे कॉलेज केव्हा नि कसं सुरू करायचं यावरून दोघांत कुरबूर वाढली. १८६४ च्या सुरुवातीला ज्युएट यांनी आपल्या बाजूच्या ट्रस्टींना विश्वासात घेऊन पत्र लिहिलं. म्हातारे गृहस्थ दिवसेंदिवस लहरी आणि पोरकट होत चालले आहेत, अशा अर्थाचं. ते पत्र फिरत फिरत व्हासार यांच्याच हातात पडलं. ज्युएट यांना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला आणि जॉन रेमंड त्यांच्या जागी आले. १८६५ च्या सप्टेंबरात ३५३ विद्यार्थिनींनी कॉलेज सुरू झालं, पण ज्यांच्या डोक्यातून त्याची कल्पना निघाली ते प्रेसिडेंट तेव्हा तिथे नव्हते.

आता हे पत्र फक्त ज्युएट यांचं मत म्हणून वाचलं तर हाती काय लागेल? एक चिडका माणूस. तेच पत्र मंडळात मतं जमवायची खटपट म्हणून वाचलं की पुढच्या प्रश्नांना तोंड फुटतं: ते नेमकं कोणाकोणाला गेलं, कोणाला मुद्दाम टाळलं, ज्यांना मिळालं त्यांनी काय उत्तर दिलं. म्हणून एका माणसाच्या फोल्डरवर थांबू नका. दुसऱ्या बाजूचे आणि शक्य तर तिसऱ्या ट्रस्टीचेही कागद मागवा.

तारखांचा घोळ

इंग्रजी पत्रात तारखेपुढे ‘इन्स्ट.’ दिसलं तर चालू महिना, ‘अल्ट.’ दिसलं तर गेला महिना. ‘आपलं २८ अल्ट.चं पत्र मिळालं’ असं वाक्य मार्चच्या पत्रात असेल, तर ते २८ फेब्रुवारीचं पत्र. हे न कळल्यामुळे अख्खी साखळी महिनाभर पुढे सरकलेली प्रकरणं मी वाचली आहेत.

घडीच्या मागच्या बाजूला आडवं लिहिलेलं नाव आणि तारीख बहुतेक वेळा पत्र मिळालेल्या माणसाने फायलीसाठी टिपलेली असते. ती पत्राची तारीख म्हणून उतरवू नका.

समुद्रापलीकडच्या पत्रांत आणखी एक गंमत होते. कॉर्नेल विद्यापीठाचे प्रेसिडेंट अँड्र्यू डिक्सन व्हाइट १८७९ ते १८८१ या काळात बर्लिनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. तिथल्या ट्रस्टी मंडळाचे अध्यक्ष हेन्री सेज इकडे अमेरिकेत. अशा वेळी एकाचं उत्तर पोचायच्या आत दुसऱ्याचं नवं पत्र निघालेलं असायचं. तारखेने लावलेली पत्रं सरळ संवादासारखी वाचलीत, तर माणसं एकमेकांचे प्रश्न चुकवताहेत असा भास होतो. प्रत्येक पत्र कोणत्या पत्राला उत्तर आहे ते समासात लिहून काढा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

अक्षर उलटं, पुसट, एकात एक मिसळलेलं

स्कॅन बिघडलंय असं समजून फाइल बंद करू नका. ती बहुधा प्रेस-कॉपी असते. ताज्या शाईचं पत्र आणि ओलसर केलेला पातळ कागद लोखंडी प्रेसमध्ये एकत्र दाबायचे. शाई पातळ कागदावर उलटी उमटायची आणि तो मागच्या बाजूने वाचायचा. चुकीच्या बाजूचा फोटो काढला असेल तर संगणकावर आडवा उलटा करून घ्या. प्रत्यक्ष दफ्तरखान्यात बसला असाल तर तिथल्या माणसाला विचारून पानामागे कोरा पांढरा कागद सरकवा, म्हणजे खालच्या पानाचं अक्षर मध्ये येत नाही.

प्रेस-कॉपी आणि कच्चा मसुदा यांत गल्लत करू नका. कॉपी सहसा तयार पत्राची असते, मसुदा कधी पाठवलाच गेला नसेल. आणि कॉपी काढल्यावर मूळ पत्रात पेनाने जोडलेला ताजा कलम कॉपीत नसतोच. नेमकी स्फोटक ओळ बऱ्याचदा तिथेच असते!

शुद्धलेखन सुधारणं

मॅथ्यू व्हासार यांचं शालेय शिक्षण तुटपुंजं होतं. ते कानाला पडेल तसं स्पेलिंग करत. ते जसंच्या तसं उतरवा, आणि त्यावरून माणूस अडाणी ठरवू नका. त्यांच्या पत्रांत पैशाचा हिशेब आणि माणसांची पारख दोन्ही पक्के दिसतात.

आठवणींना पत्राचं वजन देणं

व्हाइट यांचं आत्मचरित्र १९०५ मध्ये आलं आणि कॉर्नेल विद्यापीठ उघडलं होतं १८६८ मध्ये. इतक्या वर्षांनी भांडणांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. घरच्या मंडळींनी छापलेल्या ‘जीवन आणि पत्रे’ छापाच्या खंडांत तर अडचणीचे परिच्छेद गुपचूप गाळलेले असू शकतात. छापील मजकुरात तीन टिंबं दिसली की मूळ पत्र गाठा.

पत्रालाच निर्णय समजणं

व्हासार कॉलेजच्या नावात आधी ‘फीमेल’ हा शब्द होता. संपादिका सारा हेल यांनी तो काढण्यासाठी व्हासार यांच्याकडे पत्रांतून नेट लावला होता. पण नाव बदललं ते १८६७ मध्ये सनदेत दुरुस्ती झाल्यावर. तेव्हा पत्रात ‘ठरलं’ असं वाचलंत तरी मंडळाचं इतिवृत्त आणि सनदेतल्या दुरुस्त्या काढून पाहा. इतिवृत्त रुक्ष असतं, तीन पानांचं भांडण तिथे एका ओळीत उरकलेलं असतं. मात्र ठराव कोणी मांडला आणि बैठकीला कोण गैरहजर होतं, ते त्यात सापडतं.