भाचा नाताळला येतोय, त्याआधी

माझा भाचा २० डिसेंबरच्या रात्रीच्या बसनं पुण्याहून माझ्याकडे गोव्याला यायला निघतोय. वय २७. गेल्या नाताळात भातावर सोलकढी ओतता ओतता तो म्हणाला, "आत्या, मी निहिलिस्ट आहे. कशालाच काही अर्थ नसतो. तुमच्या प्रभूलासुद्धा." मी तिथल्या तिथे त्याला तासभर शुभवर्तमान ऐकवलं आणि शेवटी हातात एक पत्रक ठेवलं. त्यानं ते पूर्ण वाचलं, चार घड्या घातल्या आणि आमच्या डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल तेव्हापासून हलत नाही, हे कबूल करायला हवं. यंदा मात्र थोडी तयारी करून बोलायचं ठरवलंय. ज्यांच्या घरात असा एखादा आहे त्यांनाही ही यादी चालेल.

सगळ्यात आधी माफी मागायची आहे. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, तीन वर्षांपूर्वी गेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "प्रभूला तिची जास्त गरज होती रे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि आम्हाला नव्हती?" एवढंच बोलला आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेला. हे वाक्य मी कुठून उचललं होतं कोण जाणे. पवित्र शास्त्रात तर ते कुठेच नाही. तेव्हा पहिल्या दिवशी, बॅग ठेवून चहा झाला की, ते वाक्य मागे घ्यायचं. त्याला जोडून दुसरं काही बोलायचं नाही. माफीच्या शेपटीला उपदेश बांधला की माफी राहत नाही.

दुसरी गोष्ट पाहायची ती त्याची तब्येत. "अर्थ नाही" हे विचार करून काढलेलं मत असू शकतं, आणि झोप उडालेल्या, जेवण न जाणाऱ्या माणसाची हाकही असू शकते. तो झोपतो का, मित्रांना फोन करतो का, मासे आणायला बाजारात यायला उठतो का, हे दोन दिवस नुसतं पाहायचं. शंका आली तर सरळ विचारायचं, "जीव नकोसा होतो का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवलाय, चोवीस तास चालतो. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. तशी वेळ आली तर विश्वासाच्या गप्पा बाजूला, आधी डॉक्टर. प्रार्थना मी गाडीतही करू शकते.

आता वाचन. बायबलमधलं 'उपदेशक' हे पुस्तक सबंध वाचून काढायचं, बाराच अध्याय आहेत. "सर्व काही व्यर्थ" हे आपल्याच शास्त्रात लिहिलेलं असताना भाच्याच्या तोंडून ऐकून मी दचकले, याची आता लाज वाटते. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वाफ, श्वास. म्हणजे आहे, दिसते, पण मुठीत येत नाही. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय. तिथे प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. शब्द तोच, व्यर्थ. पुढे तर तो म्हणतो की मेलेले उठत नसतील तर चला, खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. म्हणजे एवढी एक घटना घडली नसेल तर भाचा बरोबर आहे, असं पौलच कबूल करतो. मला बोलायचंय ते इथून. "तुझ्या गणितात चूक नाही, एक घटना तू धरलेली नाहीस, मी धरते, आणि का धरते ते सांगते." त्या 'का'चं उत्तर माझ्या शब्दांत, पाच मिनिटांत, देता आलं पाहिजे. काल आरशासमोर प्रयत्न केला. तिसऱ्या मिनिटाला मी पाळकांच्या आवाजात बोलू लागले. अजून सराव हवा.

बायबलमधल्या, संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्रही पुन्हा वाचायचे. ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. उपदेशाला तोंड उघडेपर्यंत त्यांचं सगळं उत्तम चाललं होतं.

त्याच्या बाजूचंही थोडं वाचलंय. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनं "देव मेला" हे १८८२ मध्ये लिहिलं ते टाळ्या पिटत नव्हे. तिथे एक वेडा भर सकाळी कंदील घेऊन बाजारात देवाला शोधतो, आणि त्याला हसणारे लोक नास्तिकच असतात. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलेलंच नाही, म्हणून तो घाबरलेला असतो. नीत्शे स्वतः पाळकाचा मुलगा; वडील गेले तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. ही माहिती भाच्यावर फेकून मारायची नाही. निहिलिझमला मराठीत शून्यवाद म्हटलं की बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आठवतो, तोही इथे आणायचा नाही. त्याचं शून्य वेगळं, काहीच नाही असं तो म्हणत नव्हता.

काही वाक्यं घरीच ठेवायची. "देव मानून चाललं तर तुझं काय जातं?" हा हिशेब दुकानदारीचा वाटतो. "देव नाही तर चांगुलपणा कुठला?" हेही नको, वहिनीच्या आजारपणात रोज डबा पोचवणारा त्याचा मित्र कट्टर नास्तिक आहे. डोंगरकापणीची बातमी वाचून भाचा लालबुंद होतो, तेव्हा "कशालाच अर्थ नाही तर एवढा राग का?" असं विचारावंसं वाटतं. प्रश्न खरा आहे, पण पकडण्यासाठी विचारला तर तो लगेच ओळखेल. खरंच जाणून घ्यायचं असेल त्या दिवशीच विचारेन.

इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय तो काढणारच. गोव्यात राहून कोण काढत नाही? १५६० ते १८१२, मध्ये थोडी वर्षं बंद. "ते कॅथलिकांचं, आपण नगरकडचे प्रोटेस्टंट" ही पळवाट मी आजवर वापरत आले. वडील गोवामुक्तीनंतर मराठी शाळेत मास्तर म्हणून इथे आले, तेव्हा कागदोपत्री ती खरीही आहे. पण ख्रिस्ताच्या नावानं झालं ते झालं, असं म्हणून टाकायचं. त्याच काळात, १६१६ मध्ये, जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' इथेच राशोलला छापलं गेलं, हे तो विचारेल तरच. एकानं दुसरं धुऊन निघत नाही.

घाई करायची नाही, यासाठी टिळक पती-पत्नी लक्षात ठेवलेत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. एका घरातली दोन माणसं, आणि मध्ये पाच वर्षं. मी भाच्याला नाताळचे पाच दिवस देणार होते.

बाकी किरकोळ. दादाला आधीच फोन करायचा, "लग्न कर, म्हणजे अर्थ सापडेल" हे यंदा नको. पाळकांना 'सहज' चहाला बोलवायचं नाही. उपासनेला येतोस का, हे एकदाच विचारायचं. शेजारच्या माईकडून दोदोल, म्हणजे नाताळची गोड वडी, येईल तो त्याच्यासाठी वेगळा काढायचा, आणि सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की पोयी (गोव्याचे पाव) घ्यायला त्यालाच पाठवायचं.

बोलायची जागा टेबल नव्हे. समोरासमोर बसलं की मी मास्तरांची मुलगी होते. रायबंदरहून चोडण बेटाची फेरीबोट धरायची, कठड्याला टेकून दोघांनी पाण्याकडे बघत उभं राहायचं. तिथे गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही, आणि पलीकडे खारफुटीतून स्कूटर हळूच चालवावी लागते. पेत्राच्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर "सौम्यतेने व भीडस्तपणाने" द्यायला सांगितलंय. फेरीच्या इंजिनाच्या आवाजात ते कसं जमतं बघू. त्यानं काही विचारलंच नाही तर पक्षी बघून परत यायचं.

स्कूटरला दोन हेल्मेटं लागतील. माझ्याकडे एकच आहे, दुसरं माईच्या मुलाकडे मागायचंय.