ऊसनोंद, वजनकाटा आणि बिल : तीन प्रणाली जोडण्यापूर्वी अर्थ जुळवा

साखर कारखान्यात शेतकी विभागाची ऊसनोंद, वजनकाटा आणि लेखा विभागाची बिले या प्रणाली जोडायच्या म्हटल्या, की आपण लगेच रकान्याला रकाना लावायला बसतो. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम हाती घेणाऱ्यांनी त्याआधी शब्दांचे अर्थ तपासावेत, असा माझा आग्रह आहे. करवीर तालुक्यातील शेतकरी क्षेत्र ‘चाळीस’ सांगतो, तेव्हा ते चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर असते. सातबाऱ्यावर तेच ०.४०.४७ हेक्टर-आर असे दिसते. एकक न लिहिता ४० हा आकडा हेक्टरच्या रकान्यात गेला, तर त्याच एकराचे जवळपास शंभर एकर होतात.

म्हणून प्रथम प्रश्न लिहून काढा : या प्लॉटमधील खोडवा कोणत्या दिवशी काट्यावर आला आणि बिल कोणाच्या खात्यावर जमा झाले? प्रश्नांतूनच ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध यांची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी, आकाराला येते. शेतकरी, सभासद, गट (सातबाऱ्यावरील गट नंबरची जमीन), प्लॉट, खेप (काट्यावर आलेली उसाची एक गाडी) आणि बिल या संकल्पना वेगळ्या ठेवा. एका गटात तिघा भावांचे तीन प्लॉट असू शकतात. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे लागण प्रकार एकाच ठरलेल्या यादीतून घ्या.

मूळ डेटाबेस हलवण्याची गरज नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलेल्या आरटूआरएमएल या भाषेत डेटाबेसमधील तक्त्यांचे आरडीएफशी, म्हणजे माहिती छोट्या तीन-पदी विधानांत मांडण्याच्या पद्धतीशी, नाते लिहिता येते.

सर्वाधिक सावधगिरी ‘हा तोच’ असे सांगणाऱ्या, ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेतील ‘सेमअ‍ॅज’ या संबंधाबाबत बाळगा. वडिलांच्या नावे नोंद आणि मुलाच्या नावे बँक खाते असताना दोघांना एकच व्यक्ती ठरवले, तर वडिलांच्या नावावरील प्रत्येक खेप मुलाचीही ठरते आणि हिशेबाची गुंतागुंत नंतर सुटता सुटत नाही. तेथे ‘बिल स्वीकारणारा’ असा स्वतंत्र संबंध ठेवावा.

वजन नसलेली खेप ओडब्ल्यूएलला चूक वाटत नाही, कारण नोंद नाही म्हणजे वस्तुस्थितीच नाही, असे ते मानत नाही. अशा त्रुटी पकडण्यासाठी २०१७ चे शॅकल, म्हणजे माहिती ठरवलेल्या अटींत बसते का हे तपासण्याची भाषा, वापरा. शेवटी पहिला प्रश्न स्पार्कल या आरडीएफ माहितीला प्रश्न विचारण्याच्या भाषेत लिहून एकाच गटावर चालवा आणि आलेले उत्तर काट्याच्या पावत्यांशी हाताने ताडून पाहा. ते जुळल्यावरच दुसरा गट घ्या.