खाडीसाठी पंधरा फुटी होडी, घरच्या अंगणात

माझा धंदा मोटारी रिवाइंड करण्याचा. विहिरीचे पंप, गिरणीच्या मोटारी, पंखे. घर कर्ली खाडीच्या काठावर, मालवण तालुक्यात. काकांची आंब्याच्या एका ओंडक्यातून कोरलेली डोण होती. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ती चिखलातून ओढायला चार माणसं लागायची. मला एकट्याने खांद्यावर उचलता येईल अशी होडी हवी होती, म्हणून प्लायवूडची बांधली. आतापर्यंत तीन झाल्या. पहिली दोनच पावसाळ्यांत कुजून गेली. दुसरी नऊ वर्षं चालते आहे.

पहिली कशी गेली ते आधी सांगतो, कारण पुढे जे जे सांगणार आहे ते तिच्यामुळे कळलं. मे महिन्याच्या शेवटी ती माडाखाली सरळ, म्हणजे तोंड आभाळाकडे करून ठेवली आणि वर ताडपत्री बांधली. ताडपत्रीला मध्ये खोलगा पडला, पाणी आत झिरपलं, नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कोपऱ्यात साठलं. त्यात पालापाचोळा आणि माडाची फुलं पडली. नवरात्रात ताडपत्री काढली तर कोपऱ्यात काळा लगदा. तो पुसून लाकडावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. काका बघून एवढंच म्हणाले, "समुद्राच्या पाण्यान नाय रे, पावसाच्या पाण्यान गेली ती."

खरंच तसं आहे. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात तग धरत नाही. साचलेलं गोडं पाणी तिला मानवतं. उलट खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, म्हणून होडी दिवसेंदिवस पाण्यात बांधून ठेवायची नाही. काम झालं की वर काढायची, आणि पाणी कुठेच बसणार नाही अशी पालथी ठेवायची. बांधतानाही प्रत्येक कोपऱ्यापाशी हाच प्रश्न विचारायचा: इथे पाणी आलं तर बाहेर कसं जाईल?

प्लाय घेताना आय. एस. ७१० चा शिक्का बघा. हा मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक. पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. एका दुकानातून शिक्का असलेल्या फळ्या आणल्या होत्या, त्यांचे थर चुलीवरच्या पाण्यात दोन तासांत सुटले. तेव्हापासून आधी दोन बोटं रुंदीचा तुकडा मागून आणतो आणि उकळतो. ७१० च्या प्लायने ७२ तास उकळणं सोसायला हवं. घरी एवढं कोण करतंय, पण दिवसभर चुलीवर राहिला आणि थर घट्ट असले तर मी फळी घेतो. कडेला बघा, मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर नको. मला ६ मिलिमीटर जाडीच्या, ८ बाय ४ फुटी दोन फळ्या पुरतात.

फळी कापण्याआधी पुठ्ठ्याचं मॉडेल करा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा उत्तम, एका फुटाला एक इंच. तळाचा तुकडा पानाच्या आकाराचा: मध्ये २४ इंच रुंद, मध्यापासून अडीच फुटांवर साडेएकवीस, पाच फुटांवर साडेतेरा, साडेसात फुटांवर टोक. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सरळच, साडेअकरा इंच उंचीच्या. चिकटपट्टीने जोडून बघा. बाजू बाहेरच्या अंगाला कलल्या की सरळ पट्टी वाकताना तळाची दोन्ही टोकं आपोआप थोडी वर येतात. हे हातात धरून पाहिलं की नकाशा वाचायची गरज उरत नाही. मोठ्या फळीवर हे बिंदू मांडून त्यांना टेकून एक लवचीक पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढा. डोळ्याला कुठे कोन दिसला तर बिंदूवर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवा.

आठ फुटी फळ्यांची पंधरा फुटी होडी करायची तर सांधा हवा, आणि सगळ्या कामात मला हाच भाग सर्वांत आवडतो. तिरकस सांधा: जाडीच्या आठपट उतार, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवा, वरची ४८ मिलिमीटर मागे सरकवा आणि दोन्ही कडा एकदमच रंध्याने उतरवत आणा. रंध्याला चांगली धार हवी. उतार होत जातो तसे प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात, एक फिकी, एक गडद. त्या पट्ट्या सरळ आणि एकमेकींना समांतर दिसल्या की उतार बरोबर. एखादी नागमोडी झाली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. मोजपट्टी लागतच नाही. मग एक फळी उलटून दोन्ही उतार एकमेकांवर बसवायचे. आधी पातळ इपॉक्सीचा, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाचा, हात द्यायचा, लाकूड तो पिऊन घेतं. मग लाकडाची पूड मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी लावायची. खाली-वर प्लास्टिकचा कागद, नाहीतर फळी टेबलाला चिकटेल. वर वजन म्हणून मी जळक्या मोटारींच्या बॉड्या ठेवतो. दाब बेताचा ठेवा, फार आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

तळ आणि बाजू शिवायच्या. होय, शिवायच्याच, आपल्याकडच्या जुन्या होड्या काथ्याने शिवत, आपण तांब्याच्या तारेने शिवणार. मला तार शोधावी लागली नाही, तुम्ही जवळच्या रिवाइंडिंगवाल्याकडे मागा. एक-सव्वा मिलिमीटरची, हाताने पिळता येईल अशी. कडेपासून बोटाच्या अर्ध्या पेरावर, दर चार इंचांना दोन मिलिमीटरचं भोक. दोन्ही तुकड्यांची भोकं समोरासमोर हवीत. आधी मध्यभागी लाकडाचा तात्पुरता साचा उभा करा, त्याने बाजूंचा कल धरला जातो. वर काठाशी रुंदी साधारण ३१ इंच येते. मग मध्यापासून टोकांकडे शिवत जा. बाजूच्या पट्ट्या लांब ठेवून टोकं शेवटी कापा. सगळ्या तारा सैल असतानाच होडीच्या दोन्ही टोकांकडे एकेक सरळ काठी आडवी ठेवा आणि मागून एक डोळा मिटून बघा. काठ्या समांतर नसतील तर होडीला पीळ आहे. आत्ता दोन मिनिटांत निघतो, इपॉक्सी वाळली की जन्मभर निघत नाही, आणि ती होडी नेहमी एका बाजूला जाते.

आता इपॉक्सी. स्वस्तात मिळणारं पॉलिस्टर रेझिन घेऊ नका, ते लाकडाला तसं धरत नाही. इपॉक्सी आणि हार्डनर काट्यावर वजन करून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या. जास्त हार्डनर घातलं तर लवकर वाळेल हा समज चुकीचा आहे. ती कायमची मऊ राहते. एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर कालवू नका. खोल डब्यात ती स्वतःच्या उष्णतेने तापते, धूर यायला लागतो. पसरट ताटली घ्या. हातमोजे घालाच, एकदा तिची ॲलर्जी झाली की पुन्हा हे काम करता येत नाही.

आतल्या कोपऱ्यात भरायला इपॉक्सीत लाकडाची बारीक पूड मिसळायची. भुसा नको, पॉलिश पेपरची धूळ, मैद्याच्या चाळणीने चाळलेली. पीनट बटरइतकी घट्ट. आधी तारांच्या मधल्या जागेत थोडी थोडी भरा, दुसऱ्या दिवशी तारा कापून ओढून काढा, मग पूर्ण कोपरा भरून चमच्याच्या पाठीने गोल करा. हा गोलवा दिसायला छान म्हणून नाही. टोकदार कोपऱ्यात ओल आणि रेती अडकते, गोल कोपरा फडक्याने पुसता येतो. त्यावर तीन इंची काचेच्या कापडाची (फायबरग्लासची) पट्टी, इपॉक्सीने चिकटवून. पालथी करून बाहेरच्या कडा गोल घासा आणि तळावर पूर्ण काचेचं कापड घाला.

आपल्या हवेत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. आदल्या दिवशीच्या थरावर हात फिरवला तर मेणचट लागतं. तो थर पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुऊन काढा, मगच पॉलिश पेपर मारा. न धुता घासलं तर तो मेणचटपणा सगळीकडे पसरतो आणि पुढचा थर सुटतो. म्हणून मी हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करतो, दुपारी.

काठाला आतून-बाहेरून सागाच्या पट्ट्या. आतली पट्टी सलग लावू नका. दर सहा इंचांवर लाकडाचे ठोकळे घालून मध्ये फटी ठेवा, म्हणजे होडी पालथी केली की पाणी त्या फटींतून निथळतं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. टोकांना तरंगण्यासाठी बंद पेट्या करायच्या तर प्रत्येकीला स्क्रूचं बूच हवंच, आणि घरी आल्यावर ते उघडं ठेवायचं. शेवटी रंग. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून भुगा होते, म्हणून रंगाशिवाय सोडू नका. आठ दिवस वाळू द्या, मग पाण्यात. लाइफ जॅकेट घालूनच.

निगेचं काम थोडं आहे पण नियमित आहे. खाडीतून आलं की गोड्या पाण्याने धुवायची आणि लगेच कोरडी पुसायची. दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून हातभर वर, पालथी. वारा खालून गेला पाहिजे. ताडपत्री अंगाला चिकटवून गुंडाळू नका. काका डोणीला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. साध्या लाकडाला ते अजूनही चांगलं, पण हाताला लागलं तर कातडी भाजून निघते आणि इपॉक्सीवर त्याचा उपयोग नाही.

आमच्या खाडीत होडीचा खरा शत्रू कालवं. खडकावर बसलेल्या कालवांची धार रंग, कापड आणि प्लायचा पहिला थर एका ओरखड्यात कापते. प्लायच्या थरांची कड उघडी पडली की ती पाणी पिते, म्हणून ओरखडा दिसला त्याच दिवशी वाळवून तात्पुरती चिकटपट्टी मारा आणि त्या आठवड्यात इपॉक्सी भरा.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळी होडी ठोकून बघतो. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. भद्द वाजलेली जागा टोकदार सुरीने कोरत जा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. दया दाखवू नका, थोडी कूज ठेवली तर ठिगळाखाली वाढते. मग धुऊन वाळवा. मी कॉइल वाळवतो तसंच करतो: वर पेटीसारखं झाकण, आत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब, वर हवेला जागा, आणि दोन-तीन दिवस धीर. वाळलं का ते मेगरने, म्हणजे मोटारीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, बघतो. लाकडात बोटभर अंतरावर दोन बारीक खिळे, त्यांना वायरी. सुक्या तुकड्यावर काटा शंभर मेगओहमच्या वर जातो, ओल्यावर दोनच्याही खाली. मेगर नसेल तर आणखी दोन दिवस थांबा.

खड्ड्याच्या कडा पुन्हा तोच आठपट उतार देऊन पसरट करा, त्याच उताराचं ठिगळ बसवा, चिकटवा, घासून सपाट करा आणि वरून कापडाचे दोन तुकडे लावा, दुसरा पहिल्यापेक्षा दोन बोटं मोठा. माझ्या दुसऱ्या होडीला अशी चार ठिगळं आहेत. त्यातलं नाळेजवळचं सर्वांत जुनं, सहा वर्षांचं, आणि या दिवाळीतही ते टणक वाजलं.